भुईफड्या

रविवार, ३० नोव्हेंबर

आलो एकदाचे गिरगावात. तिसऱ्या मजल्यावर सामान चढवताना हमालांनी माझ्या पुस्तकांच्या खोक्यांना ज्या शिव्या घातल्या, त्यांतल्या दोन मला अगदी नवीन होत्या. पंधरा वर्षं प्रुफं तपासूनही शब्दसंग्रहात भर पडायची थांबत नाही.

ही वही खरं तर क्षितिजाच्या तापाची. डॉक्टरांनी सांगितलंय, सकाळ-संध्याकाळ ताप मोजा आणि लिहून ठेवा. पण नुसते आकडे लिहायला माझा हात वळत नाही, तेव्हा आकड्यांच्या आजूबाजूला मीही असणार. क्षितिजा सात वर्षांची. अभिषेक, माझा नवरा, गेला त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून तिला दर पंधरा-वीस दिवसांनी ताप येतो. टॉन्सिल, व्हायरल, बदललेली हवा, सगळी नावं देऊन झाली. मार्चमध्ये ताप एकशेचारवर गेला आणि तिला आकडी आली. तो दिवस मला आठवायचासुद्धा नाही. तेव्हापासून नियम पक्का आहे: एकशेदोनला औषध, कपाळावर ओली पट्टी, आणि तिच्याजवळून हलायचं नाही. वडाळ्याला शेजारीच टॉवरचं खोदकाम सुरू झालं, धुळीने तिचा खोकला हटेना, म्हणून ही जागा घेतली.

घरमालकीण सुमतीकाकू तळपदे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, ग्रंथपाल म्हणून निवृत्त, बोलणं एकदम चोख. आल्या आल्या कोलंबीच्या भानोल्याचा डबा हातात दिला, त्यामुळे माझं मत त्यांच्या बाजूने झालंच. त्यांचे धाकटे भाऊ मनमोहनकाका दिवसभर गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून बसतात. सत्तरीचे आहेत, पण चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. मी नमस्कार केला तर माझ्याकडे नुसतं बघितलं. काकू म्हणाल्या, त्याला बोलायची सवय नाही, पण प्रकृती अशी की साठ वर्षांत साधी सर्दी नाही झाली. खरं सांगते, मला हेवा वाटला.

आमच्या दोन खोल्यांचं दार त्याच गच्चीवर उघडतं. कोपऱ्यात विटांचा वाफा आहे आणि त्यात निवडुंग. आपला नेहमीचा फड्या निवडुंग माणसाएवढा वाढतो. हा वीतभरही वर येत नाही. जमिनीलगत एकापुढे एक फडे टाकत आडवा पसरत जातो. आत्ता थंडीत ते फडे सुरकुतून चपटे पडलेत, टाकून दिलेल्या चपलांच्या तळांसारखे. मेलेला वाटतो पण मरत नाही, असं काकू म्हणाल्या. त्यांचे आजोबा माझगावच्या गोदीत हेडक्लार्क होते, त्यांना कुणा परदेशी खलाशाने एक फडा दिला होता. घरात ह्याला भुईफड्या म्हणतात. भाड्याचा करार झाल्यावर काकूंनी तोंडी एक कलम वाढवलं: वाफ्याला पाणी घालायचं नाही आणि काही तोडायचं नाही. मी म्हटलं, माझ्या हातून तुळस जगत नाही, मी कशाला निवडुंगाच्या वाटेला जाऊ?

क्षितिजा: सकाळी ९९.२, संध्याकाळी १००.४.

बुधवार, ३ डिसेंबर

गेले वाटेला. दोरीवरचा टॉवेल वाऱ्याने वाफ्यात पडला, तो उचलला आणि हात कुसळांनी भरला. मोठे काटे निदान दिसतात. खरी खोडी ह्या बारीक पिवळट कुसळांची. दिसत नाहीत, पण बोट कशालाही टेकवलं की जीव जातो. काकूंनी तळहातावर चिकटपट्टी लावून लावून ओढली तेव्हा कुठे निघाली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात; मला स्वतःच्या हातातलं दिसत नव्हतं. क्षितिजा खो खो हसली आणि मग खोकत बसली.

खालच्या मजल्यावरच्या रमाबाई सांगत होत्या की ह्या घरात आजारपण टिकत नाही. मी म्हटलं, आमच्याकडचं हट्टी आहे.

९९.८, १००.२. झोपताना बाबाचा फोटो घेऊन अर्धा तास रडली. रोजचंच आहे.

शनिवार, ६ डिसेंबर

दुपारी चारला १०३.१. औषध दिलं, पट्ट्या ठेवल्या, उतरेना. मार्चची आठवण येऊन मी काकूंना हाक मारली. काकू आल्या, तिच्याकडे बघितलं आणि मुठीत मीठ-मोहरी, दोन सुक्या मिरच्या घेऊन दिवेलागणीला तिच्यावरून तीनदा उतरवल्या. माझी आजीही दृष्ट काढायची, पण ती ते निखाऱ्यावर टाकायची आणि मिरच्यांचा ठसका आला नाही की म्हणायची, बघ, केवढी लागली होती! काकू म्हणाल्या, आमच्याकडे जाळत नाहीत. आमच्याकडे ह्याला देतात. मूठ घेऊन त्या वाफ्याशी गेल्या, पोरीचं नाव घेतलं, "हिचा ताप घे" म्हणाल्या आणि मीठ-मोहरी फड्यांच्या खाली मातीत दाबली.

परत येताना मला बजावलं, एका पोरावरून एकदाच. त्यांच्यावरूनही सहाव्या वर्षी विषमज्वरात एकदाच उतरवलं होतं. हावरटपणा नको, म्हणाल्या. मी मान हलवली. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण आई झालेल्या बाईने विश्वासाच्या गप्पा मारू नयेत.

रात्री नऊला ९८.४.

बुधवार, १० डिसेंबर

चार दिवस सलग ९८.४. दीड वर्षात असं झालेलं नाही. मी काकूंना पुरणपोळ्या करून दिल्या. औषधाचा गुण असणार, असं स्वतःला सांगते आणि मनातल्या मनात वाफ्याकडे बघून हात जोडते. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

खोकला मात्र आहे. रात्रभर ढास लागते.

शनिवार, १३ डिसेंबर

केलं मी. काकू कीर्तनाला गेल्या होत्या. एकदाच म्हणाल्या होत्या, पण तो ताप होता, हा खोकला. नियम मोडला असं कसं म्हणता येईल? प्रुफातल्या चुकीलाही मी इतकी पळवाट देत नाही. मीठ-मोहरी उतरवली, वाफ्यात दाबली, "हिचा खोकला घे" म्हटलं. मनमोहनकाका समोरच बसले होते. त्यांनी पूर्ण वेळ माझ्या मुठीकडे बघितलं.

बुधवार, १७ डिसेंबर

खोकला गेला. ढास नाही, घरघर नाही. शाळेतून रुपालीबाईंचा फोन आला, क्षितिजा किती शहाणी झाली आहे! धावत नाही, भांडत नाही, बसवलं तिथे बसते. मला अभिमान वाटला. लिहून ठेवते, कारण दीड वर्षात शाळेच्या फोनवरून चांगली बातमी येण्याची ही पहिलीच वेळ.

भुईफड्याने बाळसं धरलंय. पाऊस नाही, पाणी नाही, पण सुरकुत्या गेल्या, फडे टरारून फुगले आणि विटांच्या काठावर एक नवा फडा आलाय, क्षितिजाच्या तळहाताएवढा.

९७.२, ९७.०.

शनिवार, २० डिसेंबर

आज अभिषेकचा वाढदिवस. सकाळपासून फोटो छातीशी धरून रडत होती. बाबाला फोन लाव म्हणाली. मी समजावलं, ओरडले, मग मीही रडले. दीड वर्ष रोज रात्री हे रडणं ऐकते आहे. मी दगड नाही. माझ्याने ऐकवत नाही.

दिवेलागणीला "हिचं रडणं घे" म्हटलं.

रविवार, २१ डिसेंबर

रडली नाही. रात्री फोटो उशाशी ठेवला तर तिने तो उलटून बघितला आणि शांतपणे मला विचारलं, हे काका कोण?

मी हसले. वाटलं, थट्टा करतेय.

थट्टा नव्हती.

९५.८.

बुधवार, २४ डिसेंबर

डॉक्टरांकडे नेलं. टॉन्सिल बसलेत, छाती स्वच्छ, वजन वाढलंय. डॉक्टर खूश. ९५ चा आकडा दाखवला तर म्हणाले, थर्मामीटर बदला. मी म्हटलं, तिला बाप आठवत नाही. ते म्हणाले की धक्क्यानंतर मुलं असं करतात, वेळ द्या.

वाटेत नवा थर्मामीटर घेतला. ९४.६. मला लावला, ९८.४. थर्मामीटर चांगला आहे.

तिचा हात असा गार लागतो, की माठाला हात लावावा.

शुक्रवार, २६ डिसेंबर

सुट्टी आहे शाळेला. सकाळी अंथरुणात नव्हती. गच्चीवर, वाफ्याच्या काठाशी, उन्हात पाठीवर झोपली होती. डोळे उघडे. एक हात फड्यांवर, काटे तळहातात रुतलेले. मी किंचाळले. तिने माझ्याकडे फक्त मान वळवली. दुखतंय का विचारलं तर म्हणाली, "नाही गं. ऊन छान आहे." चिकटपट्टीने कुसळं ओढून काढत होते तेव्हा लक्षात आलं — वडाळ्याला सायकलवरून पडल्याचा गुडघ्यावरचा व्रण नाही. तीन टाके होते. तिथे आता काहीच नाही.

वाफ्यातल्या नव्या फड्यावर आहे. तशीच आडवी रेघ. तीन टाके.

मग मी जे केलं ते कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. थर्मामीटर त्या फड्याला टेकवला. १०१.६.

शनिवार, २७ डिसेंबर

मोठ्या हॉस्पिटलात नेलं. थर्मामीटर आता आकडाच दाखवत नाही, नुसतं 'लो'. चार ब्लँकेटं, दिवे, सलाईन. नाडी ठीक. रक्त ठीक. सगळं ठीक. इतक्या कमी तापमानात ती शुद्धीवर कशी, ते कुणाला सांगता येईना. गिरगावपासून लांब नेलं तर सुटेल असं वाटलं होतं. नाही सुटली. दिवसभर खिडकीतल्या उन्हाकडे तोंड करून पडून होती. जेवली नाही. भूक नाही म्हणत नाही, भूक म्हणजे काय असं विचारते.

मी सही करून घरी आणली.

रविवार, २८ डिसेंबर

काकूंच्या पाया पडले. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाई गं, एकदाच म्हटलं होतं ना तुला!" आणि रडायला लागल्या.

मनमोहनकाका लहानपणी दांडगट होते. ताप घे झालं, मग त्यांच्या आईने हट्ट घे म्हटलं, भांडणं घे म्हटलं, अंधाराची भीती घे म्हटलं. तिला शहाणा मुलगा हवा होता. मिळाला. दहाव्या वर्षापासून ते त्या खुर्चीत आहेत. एकदा आईने कोयत्याने भुईफड्या तोडला, तर इकडे मुलाने मान टाकली; तुकडे परत मातीत लावले तेव्हा कुठे श्वास आला. जे घेतलंय ते त्याच्यात असतं. त्याला मारलं तर तेही जातं.

परत मिळायची वाट एकच: बदली. स्वतःवरून मूठ उतरवायची, आपलं काय न्यायचं ते सांगायचं, आणि पोराचं परत मागायचं. भारंभार नेलं असेल तर तसंच भारी काही द्यावं लागतं. त्यांच्या आईला धीर झाला नाही. ती म्हणायची, जिवंत आहे ना, पुरे.

मी खिडकीतून बघितलं. काकांच्या शेजारी जमिनीवर क्षितिजा. दोघांची तोंडं उन्हाकडे.

मला नाही पुरे.

सोमवार, २९ डिसेंबर

लो. लो.

काय देऊ? हात, पाय, डोळे — मग तिला सांभाळणार कोण. आठवणी? अभिषेकच्या तेवढ्याच उरल्यात, आणि तिला बाप सांगायला कुणीतरी लागेल. आयुष्य दिलं तर ती पोरकी होईल. रात्रभर असला हिशेब — वेड लागेल मला.

मंगळवार, ३० डिसेंबर

सकाळी तिने मला ताई म्हटलं.

सुचलंय. माझ्याकडे सगळ्यात भारी काय आहे? काळजी. दीड वर्ष उठता-बसता तीच वाहते आहे. ती घे म्हणेन. ती गेली तर माझं काय अडणार? उलट जरा झोप लागेल. हुशारी म्हणतात ती ही. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, विचार कर. विचारच तर केलाय.

बुधवार, ३१ डिसेंबर

दिवेलागणीला केलं. मूठ स्वतःवरून तीनदा. माझी काळजी घे, क्षितिजाचं सगळं परत दे. सगळं म्हटलं, एकेक नाव घेतलं — ताप, खोकला, रडणं. माती गरम होती. हातात कुसळं गेली, काढली नाहीत. ती माझ्याकडे बघत होती —

आठ वाजता. लो.

नऊ. ९२.४. आकडा! आकडा आला!

दहा. ९६. थंडी वाजते म्हणाली. "आई, थंडी वाजते." आई म्हणाली. मी तिला घट्ट धरून —

गुरुवार, १ जानेवारी

सकाळी ९८.६. गुडघ्यावर व्रण आहे. फोटो घेऊन बाबा बाबा करत रडली. मला वाटलं होतं मी आनंदाने रडेन. नाही रडले. बरं वाटलं. किती दिवसांनी गाढ झोपले होते.

काकू माटुंग्याला भाचीकडे गेल्या, रात्री येतील. जाताना पोरीला जवळ घेऊन खूप रडल्या. मला म्हणाल्या, तू ठीक आहेस ना? मी म्हटलं, एकदम.

अकरा. १०१.८. खोकतेय. सगळं परत मागितलं होतं, त्यात हेही आलं. बरोबर आहे.

बारा. १०३. औषध फळीवर आहे. देईन. गच्चीवर आले जरा. वही इथेच लिहिते. मनमोहनकाकांनी स्वतःहून खुर्ची सरकवली, माझी मावेल एवढी. ऊन छान आहे.

वाफ्यात नवा फडा आलाय. चांगला जाडजूड. बाकीच्या सगळ्यांपेक्षा मोठा

दीड. १०४.२. दारापर्यंत आली होती, थर्मामीटर लावून घेतला. पाय धरले माझे. अंग फार गरम. आता उंबऱ्याशी पडली आहे. एकशेदोनला काहीतरी करायचं असतं, ह्याच वहीत पहिल्या पानावर लिहिलंय. वाचीन नंतर.

हात झटकते आहे. डोळे वर गेलेत. मार्चमध्येही असंच

झटके थांबलेत. आता मोठ्याने हाक मारतेय. आई आई. बराच वेळ झाला. कुणाला